डबीवर वेळ लिहा

मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घराघरांत उन्हाळी लागल्याच्या तक्रारी सुरू होतात. लघवीला जळजळ होते, सारखे जावेसे वाटते, पण होते थेंबभर. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, बार्ली यांवर दोन दिवस निघतात. मग थंडी वाजून ताप येतो, कंबर भरून येते आणि जवळचे डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात: युरिन रूटीन. फारच झाले तर खाली कल्चर, म्हणजे जंतू उगवून पाहण्याची तपासणी. पुढचे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. कॉलनीच्या नाक्यावरच्या कलेक्शन सेंटरवर एक प्लास्टिकची डबी हातात पडते. ‘भरून आणा’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराला कडी असेलच असे नाही, नळाला पाणी असेलच असे नाही. आठ वाजता दिलेली डबी काउंटरवर बसून राहते. दहा-साडेदहाला ती इतर डब्यांबरोबर पिशवीत जाते, पिशवी मोटारसायकलला लटकते आणि कोलार रोड, करोंद, बैरागढ अशी गोळा होत होत मुख्य लॅबमध्ये पोचते. डबीवर नाव असते, वय असते, बारकोड असतो. नमुना किती वाजता घेतला हे बहुधा कुठेच नसते.

ही न लिहिलेली वेळ अनेकांना क्षुल्लक वाटेल. आम्हाला ती धोक्याची खूण वाटते. लघवीतला जंतुसंसर्ग ओळखण्याची पूर्ण साखळी आपल्या शहरात किती सैल झाली आहे, हे तिच्यावरून कळते. या सैलपणाची किंमत दोन ठिकाणी मोजली जाते: गरोदर बाईच्या पोटात आणि औषधांच्या त्या शेवटच्या फळीत, जी एकदा निकामी झाली की आपल्या हातात फारसे काही उरत नाही.

वेळेचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. धडधाकट माणसाच्या लघवीतही बाहेर पडताना त्वचेवरचे आणि आसपासचे थोडे जंतू मिसळतातच. मूत्रमार्गाच्या संसर्गाला बहुतेक वेळा कारणीभूत ठरणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. लघवीत त्याचा वेग मंद असतो असे मानून अर्ध्या तासाला एकदा दुप्पट धरू. चार तासांत तो आठ वेळा दुप्पट होईल, म्हणजे २५६ पट. सकाळी मिलिलिटरमागे हजार जंतू असलेला निरुपद्रवी नमुना दुपारी अडीच लाखांवर गेलेला असेल. आणि संसर्ग ठरवण्याची परंपरागत सीमारेषा आहे मिलिलिटरमागे एक लाखाची. बॉस्टनचे एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात ती घालून दिली आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळा तिच्या आधाराने बोलतात. मुख्य लॅबमधला तंत्रज्ञ प्रामाणिक असतो, त्याचे यंत्र चोख असते, अहवालात छापलेला आकडाही खरा असतो. फक्त तो आकडा रुग्णाच्या मूत्राशयातला नसून मोटारसायकलवरच्या पिशवीतला असतो.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. लघवी तशीच पडून राहिली की त्यातल्या पांढऱ्या पेशी, ज्यांना अहवालात ‘पस सेल्स’ म्हणतात, त्या फुटून विरघळू लागतात. एकाच उशिराने जंतू वाढतात आणि पस सेल्स घटतात. डॉक्टर ज्या दोन खुणांवर विसंबून निदान करतात, त्या दोन्ही एकाच वेळी खोट्या पडतात, आणि त्याही विरुद्ध दिशांनी. म्हणून नियम असा आहे की नमुना दोन तासांच्या आत तपासायला घ्यावा. जमत नसेल तर चार अंश तापमानाच्या फ्रिजमध्ये ठेवावा, पण चोवीस तासांपेक्षा जास्त नाही. लांबचा प्रवास असेल तर बोरिक अॅसिड घातलेल्या नळीत पाठवावा. मायक्रोबायोलॉजी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी हे पाठ करतो. पण ज्या काउंटरवर डबी स्वीकारली जाते, तिथे हा नियम पोचलेलाच नाही.

आता अहवालाकडे वळू. रूटीन तपासणीत लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, तळाच्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात किती पस सेल्स दिसतात ते मोजतात. ‘पस सेल्स ८-१०’ अशी ओळ आली की अँटिबायोटिक सुरू, असा रिवाज पडला आहे. त्याच कागदावर दोन ओळी खाली ‘एपिथेलियल सेल्स’ लिहिलेले असते. त्या पेशी भरपूर असतील तर नमुना नीट घेतला गेला नाही, त्यात बाहेरच्या त्वचेचा अंश मिसळला आहे, हे सरळ कळते. ती ओळ फारसे कोणी वाचत नाही. अंगावरून पांढरे जात असेल तरी पस सेल्स दिसतात, मुतखडा असला तरी दिसतात. मूत्रपिंडाच्या क्षयरोगातही दिसतात, आणि तिथे नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. पस सेल्स भरपूर आणि कल्चर कोरे, असा अहवाल वारंवार येत असेल तर आपल्या देशात क्षयाची शंका घ्यायलाच हवी. प्रत्यक्षात अशा माणसाला एकामागून एक गोळ्यांचे कोर्स दिले जातात. त्यांतल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या काही औषधांनी क्षयाचे जंतू तात्पुरते दबतात, थोडे बरे वाटते, निदान महिनोन्‌महिने लांबते आणि तोवर मूत्रपिंड झिजत राहते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक नमुन्याचे कल्चर करा असे म्हणणे सोपे आहे, पण ते शहाणपणाचे नाही. कल्चरला वेळ, माणसे आणि पैसा लागतो. कल्चरसाठी आलेल्या बहुसंख्य नमुन्यांत शेवटी काहीच उगवत नाही. चाळणी लागते ती इथे. रसायनपट्टीवरचे दोन चौकोन, एक नायट्रेटचे नायट्राइट झाले का ते सांगणारा आणि दुसरा पांढऱ्या पेशींचे एन्झाइम दाखवणारा, एकत्र वाचले तर दोन मिनिटांत बरेच काही कळते. दोन्ही कोरे असतील तर सर्वसाधारण रुग्णात संसर्गाची शक्यता खूपच कमी होते. मोठ्या लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्रीवर चालणारी यंत्रे आता लघवीतले जंतू आणि पेशी थेट मोजतात. आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी १८८४ सालापासून चालत आलेले ग्रॅम स्टेनिंग आहेच. न फिरवलेल्या लघवीचा एक थेंब काचपट्टीवर वाळवायचा, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, मग लाल रंग असे क्रमाने घालायचे आणि तेलाच्या भिंगाखाली पाहायचे. प्रत्येक क्षेत्रात एखादा जंतू जरी दिसला तरी ढोबळमानाने मिलिलिटरमागे लाखाची पातळी आली असे समजायचे. यासाठी लागते ते सूक्ष्मदर्शक, चार बाटल्या आणि शिकलेली नजर. ही नजर आपल्या तंत्रज्ञांकडे आहे. तिचा वापर करून घेण्याची व्यवस्था नाही.

या चाळणीला मर्यादा आहेत आणि त्या लपवणारी लॅब रुग्णाची फसवणूक करते. नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात चारेक तास राहावी लागते. सारखे जावे लागणाऱ्या बाईत ती राहतच नाही, म्हणजे जिला त्रास सर्वांत जास्त तिचीच पट्टी कोरी निघू शकते. एन्टेरोकोकससारखे काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. त्यामुळे गरोदर स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेला निघालेले रुग्ण यांचे नमुने चाळणीवर न थांबवता सरळ कल्चरला गेले पाहिजेत. लहान बाळांच्या बाबतीत तर चिकटपिशवीत गोळा केलेल्या लघवीच्या कल्चरवर निदान ठरवणेच चूक आहे, कारण त्वचेचे जंतू त्यात हमखास उतरतात. असा भेद करून काम करणाऱ्या प्रयोगशाळा भोपाळमध्ये नक्कीच आहेत. पण रुग्णाला आपण कोणत्या प्रकारच्या लॅबमध्ये आलो आहोत हे कळण्याचा मार्ग नाही.

कल्चर झाल्यावरही काळजी संपत नाही. एक मायक्रोलिटर मावणाऱ्या तारेच्या कडीने लघवी प्लेटवर पसरवतात आणि प्लेट रात्रभर ३५ ते ३७ अंशांवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी उगवलेल्या वसाहती मोजतात. शंभर वसाहती म्हणजे मिलिलिटरमागे एक लाख. तीन-चार जातींचे जंतू एकत्र उगवले असतील तर तो बहुधा भेसळीचा नमुना, तो पुन्हा मागवायला हवा. हे सांगितले की रुग्ण चिडतो, पैसे परत द्यावे लागतात, म्हणून त्यांतला एखादा जंतू उचलून त्याच्यावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणते औषध लागू पडते याची चाचणी, लावण्याचा मोह होतो. हा मोह टाळणारा तंत्रज्ञ आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा मालक, दोघेही आम्हाला आदरणीय वाटतात.

तिसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटीचा कागद येतो. वीस-पंचवीस औषधांची नावे आणि त्यांच्यासमोर एस (लागू पडते) किंवा आर (लागू पडत नाही). साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनसारखे जुने औषध पुरत असताना त्याच यादीत मेरोपेनेम या राखीव औषधासमोरही एस दिसतो, आणि घाबरलेला नातेवाईक विचारतो, ‘डॉक्टर, यातले सगळ्यात स्ट्राँग कोणते?’ म्हणूनच जाणत्या प्रयोगशाळा टप्प्याटप्प्याने अहवाल देतात. साधे औषध लागू पडत असेल तर राखीव औषधांचे निकाल छापतच नाहीत. डॉक्टरांनी कारण सांगून मागितले तरच देतात. त्याच कागदावर आणखी एक इशारा हवा: नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात चालते, पण मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसे पोचत नाही. थंडी-ताप आणि कंबरदुखी असलेल्या रुग्णाला केवळ एस पाहून ते दिले तर तो आणखी खालावेल. अहवाल म्हणजे आकड्यांची यादी नसते. त्यावर सही करणाऱ्या डॉक्टरने रुग्णाचा विचार केलेला असावा लागतो.

हे सगळे इतके ताणून सांगण्याचे कारण म्हणजे आपल्याकडे चुका पचवण्याची जागा उरलेली नाही. कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांना निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे एन्झाइम जगाला प्रथम कुठे सापडले? भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत, २००८ साली. या एन्झाइमच्या नावात नवी दिल्ली आहे याचा आपल्याला राग आला, संसदेपर्यंत चर्चा झाली, आणि मग आपण विसरलो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, देशभरच्या मोठ्या रुग्णालयांतून जंतूंची आकडेवारी गोळा करते. एम्स भोपाळ या जाळ्यात आहे. या जाळ्याच्या अहवालांत ई. कोलायवर इमिपेनेम हे राखीव औषध लागू पडण्याचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, ते २०२२ मध्ये सुमारे ६६ टक्क्यांवर आले. हे मोठ्या रुग्णालयांतल्या गंभीर रुग्णांचे आकडे आहेत, बाहेरच्या दवाखान्यांत चित्र यापेक्षा बरे असणार. नेमके किती बरे, हे सांगणारा कागद भोपाळच्या सामान्य डॉक्टरच्या टेबलावर आज नाही. कोटरा सुलतानाबादमध्ये किंवा इतवाऱ्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने उन्हाळी लागलेल्या बाईला पहिली गोळी कोणती द्यावी, हे ठरवायला त्याच्या शहराची, त्याच्या मोसमाची आकडेवारी हवी. ती शहरातल्या लॅबमध्ये रोज तयार होते आणि रोज संगणकात गाडली जाते.

मध्य प्रदेशने या बाबतीत एकदा पुढाकार घेतला होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रतिजैविकांच्या निष्प्रभतेला आळा घालण्यासाठी राज्यपातळीवरचा कृती आराखडा केरळने २०१८ मध्ये प्रथम काढला. त्यापाठोपाठ, जुलै २०१९ मध्ये, असा आराखडा जाहीर करणारे दुसरे राज्य मध्य प्रदेश होते, आणि तो भोपाळमध्येच जाहीर झाला. माणसांचे दवाखाने, जनावरांचे दवाखाने, शेती, पाणी सगळ्यांचा त्यात विचार होता. काही महिन्यांतच कोविड आला आणि सरकारी यंत्रणा त्यात बुडाली, हे समजण्यासारखे आहे. पण कोविडने प्रयोगशाळांची भरभराटच केली. नमुने गोळा करणाऱ्यांचे जाळे वाढले, यंत्रे आली, घरपोच सेवा आल्या. नमुना किती तासांत पोचला याची नोंद ठेवण्याची अट मात्र कोणी घातली नाही.

आता त्या बाईविषयी, जिच्यासाठी आम्ही हे लिहायला बसलो.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढणारे गर्भाशय त्यांच्यावर दाब आणते, लघवी साचून राहते आणि जंतूंना वर चढायला वाट मिळते. साधारण २ ते १० टक्के गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोणतीही तक्रार नसताना पुरेसे जंतू असतात. इतर बहुतेकांच्या बाबतीत अशा मूक जंतूंना हात लावू नये, असेच आजचे शास्त्र सांगते. गरोदर बाईच्या बाबतीत उलट आहे. तिच्यावर उपचार झाले नाहीत तर मोठ्या प्रमाणावर मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, आणि त्यातून अकाली प्रसूती, कमी वजनाचे बाळ, कधी आईच्या रक्तात जंतू पसरणे. हे ज्ञानही कास यांच्याच काळापासूनचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसूतिपूर्व सेवेच्या सूचनांत स्पष्ट लिहिले की गरोदर स्त्रीची मधल्या धारेची लघवी कल्चरला पाठवावी. कल्चरची सोय नसेल तर पट्टीऐवजी जागेवर ग्रॅम स्टेनिंग करावे. जंतू आढळले तर सात दिवसांचे अँटिबायोटिक द्यावे.

आपल्याकडे काय होते? गरोदर बाईची लघवी जवळजवळ प्रत्येक भेटीत घेतली जाते. एएनएम ताई तिच्यात पट्टी बुडवतात आणि रंग पाहून कार्डावर दोन गोष्टी लिहितात: प्रथिने आणि साखर. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या शोधासाठी हे आवश्यकच आहे आणि त्याने अनेक जीव वाचले आहेत. पण डबी हातात आहे, बाई समोर बसली आहे, तिने पायपीट करून येण्याचा खर्च सोसलेला आहे, आणि त्याच लघवीतला जंतू कोणी शोधत नाही. पट्टीवर प्रथिने आणि साखर हे दोनच चौकोन असतात. तिसरा प्रश्न विचारायची तिथे सोयच नाही.

ज्या राज्यात हे घडते तिथे आई होणे अजून किती जोखमीचे आहे, हे केंद्राच्या नमुना नोंदणीतूनच दिसते. २०१८ ते २०२० या काळात मध्य प्रदेशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता, महाराष्ट्राचा ३३. वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांच्या बाबतीत २०२० मध्ये मध्य प्रदेश देशात सर्वांत मागे होता, दर हजारी ४३. हे सगळे मृत्यू लघवीतल्या जंतूंमुळे झाले असे म्हणणे धादांत खोटे ठरेल. रक्तस्राव, रक्तदाब, रक्ताची कमतरता ही मोठी कारणे आहेत. पण अकाली जन्म आणि सेप्सिस यांच्या मागे असलेले एक कारण स्वस्तात, आधीच, हाती आलेल्या डबीतून पकडता येते आणि आपण ते पकडत नाही. हा दुर्लक्षाचा गुन्हा आहे आणि त्याला दुसरे नाव देण्याची आमची तयारी नाही.

भोपाळला लघवीच्या नमुन्याचे मोल कोणी शिकवावे, याचे आम्हाला विशेष दुःख होते. १९८४च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री गॅस पसरल्यावर पुढचे कित्येक महिने एक प्रश्न धगधगत राहिला: पीडितांना सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने द्यावीत की नाही? गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदनांवरून सायनाइडसदृश विषबाधेची शंका मांडली होती, आणि ती तपासण्याचा एक मार्ग लघवीतून जात होता. इंजेक्शननंतर रुग्णाच्या लघवीतून थायोसायनेट अधिक बाहेर पडते का, हे मोजायचे होते. आयसीएमआरने फेब्रुवारी १९८५ मध्ये इंजेक्शनांच्या बाजूने सूचना काढल्या, तरी इंजेक्शने सर्वांपर्यंत पोचली नाहीत. जून १९८५ मध्ये कार्यकर्त्या डॉक्टरांनी चालवलेल्या जनस्वास्थ्य केंद्रावर पोलिसांनी छापा घातला आणि तिथल्या नोंदी उचलून नेल्या. लघवीचा नमुना, त्याची नोंद आणि तिच्यातून निघणारे सत्य यांसाठी या शहरातल्या माणसांनी तुरुंग पाहिला आहे. त्याच शहरात आज नमुन्याची वेळ टिपायला कोणाला सवड नाही.

कायदे नाहीत अशातला भाग नाही. खासगी दवाखाने आणि प्रयोगशाळा यांच्या नोंदणीचा मध्य प्रदेशचा स्वतःचा कायदा १९७३ सालचा आहे. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पॅथॉलॉजीच्या अहवालावर पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असावी. दर्जाची राष्ट्रीय मान्यता देणारी एनएबीएल व्यवस्थाही आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि मुख्य लॅबला मान्यता असली म्हणून तिच्या नावाची पाटी लावलेल्या प्रत्येक नाक्यावरच्या केंद्रात तीच शिस्त असते असे मुळीच नाही. तपासणीला येणारे अधिकारी परवाना पाहतात, अग्निशमनाचे प्रमाणपत्र पाहतात, जैविक कचऱ्याच्या रंगीत पिशव्या पाहतात. एखादी डबी उचलून ‘ही किती वाजताची?’ असे विचारायला दहा सेकंद लागतात.

लॅबवाल्यांची अडचण आम्ही ऐकली आहे. दर पाडण्याची स्पर्धा आहे, सवलतीच्या पॅकेजमध्ये लघवीची तपासणी फुकट घातली जाते, बोरिक अॅसिडची नळी साध्या डबीपेक्षा महाग पडते, शीतपेट्या आणि जादा फेऱ्यांचा खर्च कोणी देत नाही. या तक्रारीत तथ्य आहे. फुकट दिलेल्या तपासणीची काळजी कोणी घेत नाही, आणि ‘फुल बॉडी चेकअप’च्या नावाखाली धडधाकट माणसांच्या लघवीत पस सेल्स शोधून त्यांना गोळ्या चारणे हा तर अपायच आहे. अनावश्यक तपासण्या बंद करा, त्यातून वाचलेला वेळ आणि पैसा आवश्यक तपासण्या नीट करण्यावर घाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी गढूळ झाली किंवा वास आला एवढ्यावरून कल्चर पाठवायचे नसते. कॅथेटर लावलेल्या रुग्णात काही दिवसांनी जंतू सापडणारच, ताप किंवा दुसरे लक्षण नसेल तर त्यांच्यामागे औषधे घेऊन धावायचे नसते. तक्रार असलेल्या बाईच्या लघवीत मात्र लाखापेक्षा कमी जंतू असले तरी तो संसर्ग असू शकतो. अशा वेळी नमुना ताजा होता की शिळा, हे कळल्याशिवाय कोणताही डॉक्टर खात्रीने बोलू शकत नाही.

वाचकांनाही काही सांगायचे आहे. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. घरात उरलेली गोळी गिळून मग कल्चर केले तर ते कोरे येईल आणि सगळ्यांची दिशाभूल होईल. हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे स्वच्छ करा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. आणि काउंटरवरच्या मुलाला पेन मागून स्वतःच्या हाताने डबीवर वेळ लिहा. तो म्हणेल, ‘गरज नाही.’ तरी लिहा. लॅबमध्ये नमुना किती वाजता पोचेल तेही विचारा आणि दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रिज दाखवायला सांगा. घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना लघवीच्या कल्चरबद्दल विचारा. तिला काही त्रास होत नाही हे कारण पुरेसे नाही.

सरकारकडे आमची मागणी मोठी नाही. भोपाळच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक कलेक्शन सेंटरला नमुना घेतल्याची आणि लॅबमध्ये पोचल्याची वेळ अहवालावर छापणे बंधनकारक करावे. एम्स, हमीदिया रुग्णालय आणि मोठ्या खासगी लॅब यांनी बाह्यरुग्णांच्या लघवीतल्या जंतूंची आणि औषधांची आकडेवारी एकत्र करून दर सहा महिन्यांनी शहरातल्या डॉक्टरांना द्यावी. आणि गरोदर स्त्रियांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली जो विशेष दवाखाना भरतो, तिथे प्रथिने आणि साखरेच्या पट्टीशेजारी एक सूक्ष्मदर्शक आणि ग्रॅम स्टेनिंगच्या चार बाटल्या मांडाव्यात. जयप्रकाश जिल्हा रुग्णालयात हे येत्या ९ तारखेलाही करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही, आणि शिकलेले तंत्रज्ञ पगारावर आहेत.